सपाट रस्त्यावरची ट्रायल

मी गाडी घेतली तेव्हा आमची सगळी आळी मला हसली. आई माथेरानला राहते आणि माथेरानात गाडीला बंदी. "आईसाठी गाडी घेतलीय म्हणे, जिथं गाडी जातच नाही तिथं," शेजारीण चारचौघांत सांगायची. सांगू दे. दस्तुरी नाक्यापर्यंत गाडी जाते, तिथवर आई हातरिक्षातून येते. तिला हृदयाच्या तपासणीसाठी कर्जतला आणायचं आणि परत पोचवायचं, एवढ्याचसाठी मी ती घेतली होती.

आणि घाटातच ती दगा द्यायची. आपोआप गिअर बदलणारी गाडी. चढाच्या वळणावर वेग कमी केला की जोर जायचा आणि मागे सरकायची. खालापूरकडे हायवेला सर्व्हिस सेंटर आहे. वॉरंटी होती तेव्हापासून दर खेपेला मी तिथं तक्रार केली. तिथला साहेब गाडी समोरच्या सपाट रस्त्यावर टोलनाक्याच्या दिशेनं पळवून आणायचा आणि म्हणायचा, "काही नाही मॅडम, मस्त चालतेय." अरे बाबा, सपाटीवर म्हैसपण पळते.

मग एकदा आईला वर सोडायला निघाले. ती मागच्या सीटवर होती. वळणावर गाडी सरकली ती सरकतच गेली. मागच्या टॅक्सीवाल्यानं उडी मारून चाकाखाली दगड लावला. "ताई, घाबरू नका, थांबली हाय," तो म्हणाला. दस्तुरीला उतरल्यावर आई म्हणाली, "या गाडीत मी परत बसायची नाही." पुढच्या तपासणीला ती खाली आलीच नाही. मी रडले, हात जोडले. ढिम्म.

मी तडक सर्व्हिस सेंटरला गेले. तोवर वॉरंटी संपली होती. आणि बघा कसं, आता त्यांना दोष लगेच सापडला. गिअरबॉक्सचं काम निघालं, खर्च अर्थात माझा. मी भांडायला लागले तसा साहेब हसून म्हणाला, "मॅडम, लेडीजना घाटाची सवय नसते, त्यानंही होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं लहानपण त्या घाटात गेलंय. मी गाडी त्यांच्या गेटात आडवी लावली आणि चावी पर्समध्ये टाकली. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. मी म्हटलं, "तुम्हाला सवय आहे ना? मग चला घाटात. तुम्ही चालवा. मी मागे आईच्या जागेवर बसते."

शेवटी आला बिचारा. नेरळपर्यंत गाणी लावून, मजेत. घाट लागल्यावर गाणी बंद केली. त्याच वळणावर समोरून टॅक्सी आली, त्यानं वेग कमी केला आणि गाडी मागे निघाली. त्यानं ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठे ती थांबली. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. भीती मलाही वाटली, पण मी आईच्या जागेवर तशीच बसून राहिले.

मग तो म्हणाला, "तुम्ही वॉरंटीतच सांगितलं होतंत."

"तेच तर म्हणतेय मी. आता हे वर कंपनीला कळवा, जसंच्या तसं."

त्यानं कळवलं, एवढं मात्र मान्य करते. तरी मला बरेच हेलपाटे पडले. पण काम त्यांनी केलं, त्यांच्या खर्चानं. आधी मी एकटीच घाट चढून-उतरून पाहिला, वळणावर मुद्दाम थांबून पाहिलं. मग आईला निरोप धाडला.

ती दस्तुरीला आली. हातरिक्षातून उतरली, गाडीपासून चार हात लांब उभी राहिली.

"नीट झाली?"

"झाली."

"त्यांनी आपणहून केली, का तू करायला लावलीस?"

"करायला लावली."

"मग बसते," आई म्हणाली आणि तिनं पुढचं दार उघडलं.