रानकुत्र्यांचं चौथं समीकरण

दोन वर्षं मी रानकुत्र्यांना एका रोगानं आजारी पाडत होते, आणि तो रोग त्यांना होतच नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आदिलाबादच्या कॉलेजात मी गणित शिकवत होते. ऐंशीच्या दशकाचा शेवट असावा. नोकरी सांभाळून एम.फिल. करायचं ठरवलं, तेव्हा विद्यापीठातल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी विषय काढून दिला: भक्ष्य आणि भक्षक यांच्यात रोग शिरला तर दोघांच्या संख्येचं काय होतं. आपल्याकडे जंगल आहे म्हणून मी चितळ आणि रानकुत्रे घेतले. रोग घेतला खुरकुतीचा, कारण लहानपणापासून आमच्या गावी, तलमडुगूला, गुरांमध्ये तोच पाहिलेला. चार समीकरणं मांडली. धडधाकट चितळ, आजारी चितळ, धडधाकट रानकुत्रे, आणि आजारी चितळ खाऊन आजारी पडलेले रानकुत्रे. या चौथ्या समीकरणानं माझा जीव घेतला. त्याच्यामुळे समतोल टिकतो की नाही हे तपासताना पानंच्या पानं भरत. एक चिन्ह चुकलं की आठवडा पाण्यात.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात बोथ गावी ताईकडे गेले होते. तिच्या घरी निवांत बसून हिशेब उरकू, असा बेत. भाऊजी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्या दिवसांत गावोगावी खुरकूत आलेली, त्यामुळे ते दुपारी उशिरा घरी यायचे, अंगाला औषधाचा वास. चहा पिता पिता त्यांनी माझा कागद उचलला.

"काय करून राह्यली बाई तू, दोन दिवसांपासून?"

मी समजावलं. ते मन लावून ऐकत होते. मग चौथ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय हाये?"

"आजारी रानकुत्रे."

"कायनं आजारी?"

"खुरकुतीनं. आजारी चितळ खाल्लं म्हणून."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "बाई, खुरकूत दोन खुराच्या जनावराले होते. गाय, बकरी, डुक्कर, चितळ. कुत्र्याले खूर असते काय?"

मी म्हटलं, सरांनी तपासलंय. ते म्हणाले, "सरानं गणित तपासलं असन. कुत्रं नसन तपासलं." ताई आतून हसली. मला इतका राग आला की मी जेवलेच नाही. भाऊजींचा नाही, माझाच. तलमडुगूला आमच्या दारातली कुत्री लाळ गळणाऱ्या बैलांच्या पायाशी झोपायची आणि त्यांना कधी काही व्हायचं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना उटनूरकडच्या एका जंगलकाठच्या गावात जायचं होतं. "चाल, पाहून घे," म्हणाले. बसनं गेलो, पुढे पायी. गुरांना औषध लावून झाल्यावर गावचा एक म्हातारा गुराखी आम्हाला नाल्याकडे घेऊन गेला. तिथे एक चितळ उभं होतं. तोंडातून लाळ गळत होती, पुढचा एक पाय अधांतरी. आम्ही वीस पावलांवर आलो तरी ते पळालं नाही. नुसतं बघत राहिलं.

"हे उद्यापर्यंत रायनार नाई," गुराखी म्हणाला. "कुत्रे आधी यालेच धरते. चांगल्याच्या मागं काऊन पळन ते?"

दोन वर्षं मी त्या चितळाला एक अक्षर म्हणून ओळखत होते. तिथे उभं राहून मला रडू आलं, आणि त्याच वेळी हेही कळलं की माझी दुसरीही चूक झाली आहे. धडधाकट आणि आजारी, दोघांना पकडण्याचा वेग मी एकच धरला होता.

जून उजाडताच सरांना भेटायला गेले. सर तेलुगू, आमचं बोलणं हिंदीत आणि इंग्रजीत व्हायचं. सगळं सांगितल्यावर ते शांतपणे म्हणाले, "रोगाचं नाव काढून टाका. फक्त 'एक रोग' लिहा."

"मग तो कुणाचा रोग, सर?"

"गणिताचा."

मी चौथं समीकरण काढणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. चारची तीन झाली की काम हलकं दिसतं, परीक्षक काय म्हणतील, वगैरे. मी ऐकलं नाही. पावसाळाभर नव्यानं सगळं केलं. पकडण्याचे दोन वेग घेतल्यावर उत्तर वेगळंच निघालं: रानकुत्रे पुरेसे असतील तर आजारी चितळं लवकर उचलली जातात आणि रोग पसरायच्या आत मरतो. सरांनी ते प्रकरण चार महिने टेबलावर ठेवलं. मी जाई, ते म्हणत, "बघतो." शेवटी एकदा मी त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून राहिले. दुपारी त्यांनी वाचलं, एक चिन्ह चुकलेलं दाखवलं, आणि सही केली. चूक खरीच होती, त्यामुळे मी आणखी चिडले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. आजारी चितळ जास्त पकडलं जातं हे कशावरून?

"पाहिलंय, सर. आणि तिथल्या गुराख्यानं सांगितलं."

"मग ते प्रबंधात कुठे आहे?"

नव्हतं. प्रबंध टाइप करायला देण्याआधी सरांनीच ते गाळायला लावलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते खिडकीबाहेर पाहत होते. परीक्षक म्हणाले, पाचही प्रतींत एक ओळ घाला, मग पास.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "कंपाउंडर, गुराखी असं नको. 'स्थानिक जाणकार' लिहा."

मी तिथेच व्हरांड्यात बसले, मांडीवर प्रती घेतल्या आणि काळ्या शाईनं लिहिलं: गुरांच्या दवाखान्याचे कंपाउंडर आणि गावचे गुराखी यांच्याकडून मिळालेली माहिती. तिसऱ्या प्रतीत शाई फुटली. ती तशीच दिली.