डाव्या हाताचा पंचनामा

नोकरीतले खून मी विसरलो, दरोडे विसरलो, वरिष्ठांच्या शिव्याही विसरलो. पण जिच्यात शेवटी गुन्हाच निघाला नाही अशी एक केस आजही जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. कागदोपत्री ती चार पानांत मिटली. माझ्यापुरती अजून मिटलेली नाही.

मी तेव्हा बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका ठाण्यात पीएसआय होतो. कागद कन्नडमध्ये, शिव्या दखनीत आणि रडगाणी मराठीत, असा आमचा कारभार. ठाण्यापासून तासाभराच्या वाटेवर, ओढ्याच्या घळीत, काळ्या खडकाचा एक कडा आहे. त्याच्यावर ऊन जेमतेम तासभर येतं, दगडाला बारमाही शेवाळ. गावकरी त्याला सावलीचा कडा म्हणतात. गुराखी सोडले तर तिकडे कुणी फिरकत नाही. आम्ही जायचो ते जुगारावर छापा घालायला. पोरं तिथं हौसेनं दोर लावून कडा चढतात, हे मला कळलं ते थेट पंचनाम्याच्या दिवशी.

मेलेला मुलगा तेवीस वर्षांचा, लिंगायत वाण्याच्या घरातला. वडिलांचं कापडाचं दुकान. त्याचा सोबती त्याच्याच वयाचा, शेतकरी घरातला. शाळेपासूनची जोडी. मोबाइलवर बघून बघून दोघं दोराचं तंत्र शिकले होते. दोर कड्यावरच्या वडाच्या बुंध्यामागून घ्यायचा, एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला बांधायचं, दुसरं खाली उभ्या असलेल्यानं दोन्ही हातांत धरायचं. वरचा घसरला की खालच्यानं तोलून धरायचं. त्या सकाळी वरचा घसरला आणि खालच्याच्या हातून दोर सुटला. घळीत फोन लागत नाही. सोबती धावत रस्त्यावर आला, अँब्युलन्स बोलावली. पण मुलगा दवाखान्याच्या वाटेतच गेला.

अकस्मात मृत्यूची नोंद करून मी मोकळा होणार, एवढ्यात मुलाचे चुलते ठाण्यात आले. मुलाच्या गळ्यातलं इष्टलिंग, चांदीच्या डबीसकट, अंगावर नाही म्हणाले. आणि संध्याकाळी शेळ्या राखणारा एक म्हातारा आपणहून आला.

“सायेब, ते दुसरं पोरगं वर पळत आलं ना, त्येची एक मूठ आवळलेली हुती. मुठीतनं चांदीचं कायतरी चमकायलतं.”

“विचारला न्हाईस व्हय?”

“विचारलो की. काय हाय रे म्हणलो. कायबी न बोलता गेलं.”

चुलत्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला: चांदीसाठी पोराचा घात केला. मला ते पूर्ण पटलं नव्हतं, पण संशय ही आम्हा पोलिसांची रोजची भाकरी. ती खाल्ल्याशिवाय दिवस जात नाही.

बसवण्णांना मानणाऱ्या घरांत मूल पाळण्यात असतानाच त्याच्या अंगावर लिंग बांधतात. ते जन्मभर अंगावर असतं आणि मातीही त्याच्यासोबतच देतात, बसवून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. शवविच्छेदन होऊन देह घरी आला होता. दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ ठरली होती. मठाचे स्वामी म्हणाले, दुसरं लिंग देतो. आई ऐकेना.

“मी बांधलेलंच पायजे. दुसरं नगं,” ती मला म्हणाली. “त्ये गावल्याबिगर माती देऊ देणार न्हाई मी.”

सकाळी सात वाजता सोबत्याला ठाण्यात बोलावलं. बाकावर बसला, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून. मी तासभर विचारलं. लिंग कुठं आहे? गप्प. तू घेतलंस का? गप्प. दोर कामून सुटला? गप्प. चोर इतका वेळ गप्प बसत नाही, तो काहीतरी रचून सांगतो. हे मला बावीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. पण तिकडे आई देहाजवळ बसलेली, इकडे घड्याळ पळतंय. माझा तोल गेला. मी त्याला एक थप्पड मारली. आज हे लिहिताना लाज वाटते.

दुसरी मारणार तोच त्यानं दोन्ही हात तोंडापुढे धरले आणि माझा हात हवेतच थांबला. उजव्या तळव्याची साल पार सोलवटून निघाली होती. डावा तळवा धडधाकट, मधोमध फक्त एक निळसर वण, डबीच्या कडेचा.

मी विहिरीवर पाणी शेंदून मोठा झालेला माणूस. भरली घागर निसटली की दोन्ही तळवे सोलतात, एक नाही.

“डावा हात कुठं हुता तुझा?” मी विचारलं. माझा आवाज आपोआप खाली आला.

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. “सायेब, काल टी-शर्ट घातलो हुतो.”

“म्हंजे?”

“टी-शर्टाला खिसा न्हवता.”

मग तो बोलत सुटला. चढताना लिंगाचा दोरा कमरेच्या दोरात गुंतायचा, म्हणून मित्र दर वेळी ते काढून याच्याकडे द्यायचा. हे आईला ठाऊक होतं. दोघंही तिला अव्वा म्हणत.

“अव्वा मला म्हणली हुती, माझं लेकरू काय ऐकत न्हाई, काढतंयच. तू तरी भुईला लागू दिऊ नको बाबा. मी हातावर हात मारून सबुद दिलतो. वरल्या खिशात, छातीपाशी ठिवायचो रोज. प्यांटच्या खिशात कसं ठिवावं? देव हाय तो. आन् मी गळ्यात घालणारा कोण? झाडाला अडकवावं तर माकडं. म्हणून मुठीत धरलो.”

“आरं, त्यो घसरल्यावर तरी डबी टाकून द्यायचीस!”

“हात उघडलाच न्हाई, सायेब.” तो आपल्या डाव्या तळव्याकडे बघत राहिला. “म्या लई बारी आठवून बघतो. त्यो वरडला. दोर पळायला. आन् ह्यो हात उघडलाच न्हाई.”

माझे हेड कॉन्स्टेबल खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

“मग हे आधी कामून सांगला न्हाईस? चोर म्हणून बसलास की इथं.”

“अव्वा इचारंल ना, कुठं ठिवलतास म्हणून. मुठीतच हुतं म्हणावं लागंल. मग तिला कळंल. तिच्या एका शब्दापायी तिचं लेकरू गेलं, असं वाटंल तिला. तिला सांगू नका, सायेब. काय करायचं ते मला करा.”

त्याला घेऊन त्याच्या घरी गेलो. देव्हाऱ्यात, धुतलेल्या रुमालावर, ती डबी होती. वर तगरीचं एक ताजं फूल. चोरलेल्या मालावर कुणी फूल वाहत नाही. पंचांसमोर डबी ताब्यात घेतली आणि गुन्हा दाखल नसल्यामुळे ताबा पावती करून तडक मुलाच्या घरी नेली. सोबती माझ्या मागे.

आईनं डबी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली. मग विचारलं, “कुठं गावलं?”

मला उत्तर तयार ठेवायचं सुचलं नव्हतं. आरोपीच्या दहा थापा पकडणारा मी, पण मला एक धड थाप मारता येईना. शर्टाच्या खिशात होतं, एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण तोंडातून निघून गेलं, “बॅगेत ठेवलं होतं यानं. गडबडीत विसरला.”

“बॅग कुठं हुती?”

“कड्याखाली.”

“म्हंजे भुईवर.” ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या मागे उभ्या असलेल्या त्या पोराकडे बघत होती. “तुला म्हणले हुते की रे मी.”

मी वळून पाहिलं. एका वाक्यात तो सुटला असता. त्याच्या ओठांवर ते वाक्य आलंही असेल.

“चुकलं, अव्वा,” तो म्हणाला.

तिनं लिंग पाण्यानं धुतलं, एकदा नाही, तीनदा. मग विभूती लावून मुलाच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली. माती देताना सोबत्यानं डाव्या हातानं मूठभर माती उचलली, उजव्याला बँडेज होतं. कुणी म्हातारा खेकसला, “डाव्या हातानं माती टाकायलास व्हय रे?” त्यानं मूठ तशीच खाली सोडली आणि मागे जाऊन उभा राहिला. मला त्या वेळी पुढे व्हायला हवं होतं. झालो नाही.

जबाबात मी लिहिलं की शेवाळावरून पाय घसरला, दोर हातातून निसटला. डाव्या हाताचा पंचनामा केलाच नाही. तहसीलदारांनी अहवाल मान्य केला आणि फाइल बंद झाली.

निवृत्तीनंतर एकदा त्या गावावरून जाताना आईला भेटलो. तिनं चहा दिला. बोलता बोलता साधेपणानं म्हणाली, “त्या पोरानं देव भुईवर ठिवला, म्हणूनच माझं लेकरू पडलं, सायेब. त्येला मी माझ्या हातानं जेवू घातले हुते.” कप मी खाली ठेवला. खरं सांगायचं तर आधी त्या पोराला विचारायला हवं होतं. तिच्या अंगणातून निघालो तो सरळ त्या सोबत्याच्या शेतावर गेलो. तुरीला पाणी देत होता. अंगात खिशाचा शर्ट होता. म्हटलं, चल, आत्ता दोघं जाऊ, मी सगळं सांगतो.

त्यानं फावडं बांधावर टेकवलं. “ऱ्हाऊ द्या, सायेब. आता सांगून काय व्हायचंय? तिला कुणावर तरी राग धरायला पायजे. सोत्तावर धरण्यापरीस माझ्यावर धरू द्या.”

मग मलाच बसा म्हणाला, पाणी दिलं.

नोकरीत मी पुष्कळांकडून गुन्हे कबूल करून घेतले. न केलेली चूक कबूल करणारा हा एकच भेटला आणि ती त्याच्या गळ्यात मी बांधली. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी एका आईवर दया केली. दया करायची तर माणसानं आपल्या पदरची करावी. मी त्या पोराच्या पदरची केली.