लुगड्याचा रंग

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा महाडच्या बाजारात माझं दुकान होतं. फोटोवरून हुबेहूब तैलचित्र काढण्यात मी वाकबगार होतो आणि ते मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. फोटोवर पेन्सिलीने बारीक चौकटी आखायच्या, कॅनव्हासवर तितक्याच, पण मोठ्या आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं. लोक अगदी नाक लावून बघत आणि म्हणत, "फोटोच की हो!" मी दिवसभर खूष.

घोळ व्हायचा तो रंगाचा. फोटो काळे-पांढरे, त्यामुळे कपड्यांचे रंग घरच्यांनाच विचारावे लागत आणि घरच्यांचं एकमत कधीच होत नसे.

पोलादपूरच्या वरच्या वाडीतले एक म्हातारे शेतकरी लेकीला घेऊन आले. बायको वारली होती. तिचा एवढा एकच फोटो, कुणाच्या तरी लग्नात काढलेला. त्यावरून त्यांना रंगीत चित्र हवं होतं.

लेक म्हणाली, लुगडं हिरवं होतं.

"हिरवं नाय गो, जांभळं. मीच घेतलेलं महाडातनं."

पण कसलं जांभळं, ते त्यांना सांगता येईना. मी ट्यूबा पिळून नाना जांभळे कालवून दाखवले. प्रत्येकाला त्यांची मान नकारार्थी हलली.

"रंग चुकला तर ती दुसरीच बाई दिसल. मग नको मला चित्र."

माझं डोकं फिरलं. माझ्या हातून दुसरी बाई? "मग लुगडंच आणून दाखवा, बाबा," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

आठवड्याने ते आले ते गोधडी घेऊन. लुगडं फाटल्यावर बायकोने स्वतःच ते गोधडीत शिवलं होतं. धुऊन धुऊन त्याचा रंग पार उडालेला. मी म्हणालो, टाके उसवले तर दुमडीच्या आत मूळ रंग सापडेल. म्हाताऱ्यांनी गोधडी छातीशी ओढली.

"तिच्या हातचे टाके हायत ते. तेवढंच उरलंय."

मी हातात घेतलेलं ब्लेड खाली ठेवलं. मी हट्टी आहे, पण कसाई नाही. चहा मागवला. तो संपला. मग त्यांनीच सुई मागितली आणि दोरा तुटू न देता एकेक टाका सैल करून सोडवला. दुमड उघडली. आत गडद, तांबूस झाक असलेलं जांभळं होतं, अगदी नवंकोरं. म्हाताऱ्यांनी त्यावर अंगठा ठेवला आणि किती तरी वेळ नुसते हसत राहिले. माझा रंग जुळल्यावर त्यांनी तोच दोरा सुईत ओवून दुमड परत शिवून टाकली.

चित्र अप्रतिम झालं; आजही म्हणतो. न्यायला आले तेव्हा "आयच हाय" म्हणत लेक डोळे पुसायला लागली. म्हातारे मात्र चित्रासमोर जेमतेम थांबले.

"आवडलं नाही का, बाबा?"

"चांगलं हाय, मास्तर. पोरांना बघाया होईल," ते म्हणाले. "मला ती त्या दिवशीच दिसली."