गुलालानं भरलेला राउटर

गुलालाचा वास आला की जोतिबाच्या डोंगरावरचं ते नारळाचं दुकान आठवतं. मी बसवलेल्या नव्या राउटरला दुकानाच्या मावशींनी एवढा गुलाल वाहिला होता, की मी फुंकर मारली असती तर पन्हाळा गुलाबी झाला असता. दुबईत दवाखान्यात पडलेल्या त्यांच्या पोराचा व्हिडिओ कॉल यायचा होता आणि नेट बंद! वायरींच्या खाचा कोरकोरून मी ते चालू केलं. कॉल लागला, चेहरा दिसला, पण आवाज येईना. “जेवलास काय रं?” मावशी ओरडत राहिल्या. पोराचे ओठ हलले आणि कॉल तुटला. संध्याकाळी तो गेल्याचा निरोप आला. मावशी अजून विचारतात, “तू बघत हुतास की रं, काय म्हणला असंल त्यो?” थापा मारण्यात जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही, पण तिथं मला एक थाप सुचत नाही.