बाहुलीच्या पोटावरची गाठ

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सी नर्सिंग. दृष्ट, करणी, लिंबू-मिरची... असलं काही मी मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. पण हे घडलंय.

तिसगावजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात मी बाळंतपणं करते. त्या दिवशी सकाळीच छायाची डिलिव्हरी केली — ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली, पहिलटकरीण. सगळं नीट झालं. आमच्याकडं बाळंतिणीचं पोट लगेच फडक्यानं आवळून बांधतात. म्हणून तिच्या सासूला बजावलं, "मावशी, पोट बांधायचं नाही. आत रक्त गेलं तर कळत नाही."

"न्हाई बांधत, बाई."

ड्यूटी सुनीता सिस्टरकडं सोपवली आणि नगरची एसटी धरली. प्रशिक्षण! दर वेळी त्याच खुर्च्या, तोच पातळ चहा. डोळे मिटत होते.

जेवणानंतर विषय होता बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. सरावाच्या रबरी बाहुलीच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का ते बघायचं; मऊ लागलं तर रक्त थांबलेलं नाही. माझी पाळी आली. हात ठेवला... आणि तळव्याला गाठ लागली. फडक्याची, ओलसर. खाली ऊब. डोळ्यांना मात्र नुसतं उघडं रबर दिसत होतं.

"मॅडम, हिचं पोट बांधलंय."

हॉल हसला. शिकवणाऱ्या मॅडमही हसल्या, "सिस्टर, बाहुलीला सासू कुठनं आली?"

मी बाहेर येऊन सुनीताला फोन लावला.

"अगं, आत्ताच बघितलं. गुपचूप झोपलीय."

"चादर काढ. पोटाला हात लाव."

"तू ट्रेनिंगला गेलीस का माझी परीक्षा घ्यायला?" कुरकुरत गेली. मग आवाजच बदलला. "अगं... बांधलंय गं! खाली सगळं भिजलंय. पोट मऊ लागतंय!"

"सोड ते. चोळ, इंजेक्शन दे, १०८ बोलव. फोन ठेवू नको."

छाया वाचली. सासू नंतर रडत म्हणाली, "तुमी गेल्यावर बांधलं, बाई. पोट सुटंल म्हनून. चादरीखाली कुनाला दिसतंय?"

कुणालाच दिसलं नव्हतं. मलाही नाही.

दमलेल्या डोक्याचा भास म्हणा, योगायोग म्हणा — मीही स्वतःला तेच सांगून बघितलंय. मग तळव्याला ती ओल कुठून लागली?

आता ट्रेनिंगला गेले की चहाच्या आधी त्या बाहुलीवर हात ठेवते. गार रबर लागतं. मग खुर्चीत अंग टाकते, आणि शिकायला बसते.