उकिरड्याजवळची माती

बारावीला मला मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत आणि मी लातूरच्या शेतकी कॉलेजात गेले, एवढ्यावर आमच्या घरात सुतक पाळलं गेलं. भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. पडलेलं घर सोडून आम्ही शेतातच पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, आणि गावातली निम्मी पोरं लातूरला क्लासवाल्यांच्या खोल्यांत कोंबलेली होती. माझी चौकशी कुणी केली की आण्णा, म्हणजे माझे वडील, "कॉलेजात हाय" एवढंच सांगत आणि विषय पावसावर नेत. कॉलेज कसलं, हे त्यांनी एकदा तरी चारचौघांत सांगावं, असं मला फार वाटायचं.

संधी सूर्यफुलानं दिली. आण्णा युरिया आणि डीएपी सढळ हातानं टाकत. पीक डोक्यावर जायचं, हिरवंगार, येणारे-जाणारे थांबून बघायचे. दाणे मात्र पोचट, चोळले की हातात नुसती टरफलं. मी म्हणाले, तेलबियांना गंधक लागतं, ते या दोन्ही खतांत नाही. जुनं सुपर फॉस्फेट वापरा, त्यात असतं. पण सुपर म्हणजे गरिबाचं खत, असं गावाचं ठाम मत. मी पाहुण्यांना शिळी भाकरी वाढायला सांगितल्यासारखं आण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

शेवटी माती तपासायचं ठरलं. शेतभर नागमोडी फिरा, आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती घ्या, एकत्र कालवा आणि त्यातली अर्धा किलो आणा, असं मी बजावलं. आण्णा स्वतः पिशवी घेऊन कॉलेजवर आले. अहवालात नत्र भरपूर, स्फुरद भरपूर, पालाश भरपूर, गंधकसुद्धा भरपूर. आण्णांनी तो कागद गावात दारोदार वाचून दाखवला. मला मात्र संशय आला, कारण असली माती आमच्या शिवारात कुणाच्या बापाच्या रानात नव्हती.

"आण्णा, खरं सांगा. माती कुठली हाय?"

"उकिरड्याजवळची."

"का पण?"

"परीक्षेला कुनी मळकी कापडं घालून जातंय व्हय?"

मार्कांचं खूळ आमच्याकडे आता ढेकळांपर्यंत पोचलं होतं. मला हसूही आलं आणि संतापही. दुसऱ्या खेपेला मीच कुदळ घेऊन शेतभर फिरले. आण्णा पिशवी धरून मागे, चेहरा असा की मी त्यांची झडती घेतेय. नव्या अहवालात गंधक कमी निघालं, सेंद्रिय कर्बही कमी.

कागद घेऊन आण्णा बांधावर बसून राहिले. मी चिडवायला म्हणाले, "नापास झाली जमीन. आता इकायची का?"

"येडी हाय का तू? कमी पडलं म्हून कुनी जमीन टाकतंय का? जे कमी हाय ते घालायचं, शेणखत टाकायचं, अन् दम धरायचा."

"मग माझ्या वक्ताला हे का न्हाई सुचलं?"

आण्णा कागदाची घडी घालत राहिले. मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला नाही, पण रडू आलं.

पेरणीच्या आधी आम्ही दोघं खताच्या दुकानात गेलो. आण्णांनी सुपर मागितलं. दुकानात गिऱ्हाइकं बरीच होती. दुकानदारानं विचारलं, "डीएपी सोडून हे कुनी सांगितलं?"

"माझ्या लेकीनं," आण्णा म्हणाले. "डॉक्टरीला मार्क कमी पडले तिला. शेतीच्या कॉलेजात शिकायलीय."

कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. दुकानदार म्हणाला, "पोती किती?"