अभियंता मंडळाची विक्रमी सभासदवाढ

आधी एक कबूल करा, हसायचं नाही. बरं, हसा, पण निदान माझा चहा संपू द्या. कारण हा गाढवपणा मी पूर्ण शुद्धीवर केलाय, चष्मा खिशात असताना केलाय.

तुम्हाला माहीतच आहे, मी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर. बत्तीस वर्षं गडचिरोली जिल्ह्यात नाल्यांवर मोऱ्या आणि पूल बांधले. निवृत्तीनंतर कोण विचारतं हो? कोथिंबीर आणा, गॅसचा नंबर लावा, एवढाच माझा कारभार. एकच मान उरला होता, आमच्या अभियंता मंडळाच्या वडसा शाखेचा मी सचिव. लेटरहेडवर नाव, नावाआधी 'इंजि.'. खरं सांगतो, त्या दोन अक्षरांवर माझा फार जीव.

आणि तीच शाखा बंद पडायची वेळ आली! नागपूरहून अध्यक्षसाहेबांचा फोन आला.

"तुमचे सभासद अकरा. त्यातले दोन वारले. दिवाळीच्या सुमारास मी येतो. तोवर तीस झाले नाहीत तर शाखा चंद्रपूरला जोडावी लागेल."

"तीस काय साहेब, पन्नास करून दाखवतो."

माझी जीभ अशीच, माझ्या आधी धावते. लगेच एक पत्रक लिहिलं. 'सभासद व्हा. अनुभवी आणि होतकरू, दोघांचंही स्वागत. आपल्या क्षेत्रातल्या अडचणी मांडा. नागपूरचे अध्यक्ष भेटीला येत आहेत.' खाली माझा फोटो, नाव आणि मोबाईल नंबर. कागद प्रभाकरभाऊंच्या प्रेसमध्ये दिला.

आता दिवाळीच्या तोंडावर वडशाचा प्रेस म्हणजे काय असतो? झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भातल्या, गावोगाव रात्रभर चालणाऱ्या नाटकांचा हंगाम सुरू व्हायचा असतो. गावात जिकडे बघाल तिकडे नाटक कंपन्यांची ऑफिसं. प्रेसवाल्याला पोस्टरांपुढे जेवायला फुरसत नसते. तरी बिचाऱ्यांनी मोबाईलवर प्रूफ पाठवलं, वर फोनही केला.

"साहेब, एकडाव नीट पाहून घ्या. आमच्या इथी सध्या रातदिवस नाटकाचंच छापून राह्यलो."

मी पाहिलं. फोटो पाहिला. नाव पाहिलं. 'सचिव' हा शब्द जरा ठळक करायला सांगितला. बाकी ठीक आहे म्हणालो. पत्रकं वडशापासून आरमोरी, कुरखेड्यापर्यंत चहाच्या टपऱ्यांवर आणि बसस्टँडवर वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकही फोन नाही. दुपारी दोननंतर मात्र फोन खाली ठेवता येईना. म्हटलं बरोबर आहे, सकाळी सगळे साइटवर असणार! पहिला फोन आरमोरीच्या मुरलीभाऊंचा.

"साहेब, मले सभासद व्हाचं हाय."

"अनुभव किती?"

"वीस वर्षं. पयले बारीक कामं करत होतो, आता मोठी भेटते."

"सध्या काम कुठं चालू आहे?"

"पावसाळ्यात तं बंदच रायते ना. सध्या रातरातभर तयारी, दिवाळी झाली का सुरू. एक दिवस कुरखेडा, दुसऱ्या दिवशी धानोरा."

अगदी आमच्यासारखंच की! पावसाळ्यात आमचीही कामं बंद. मग मी माझा ठेवणीतला प्रश्न टाकला, माणूस खरा की खोटा ते कळायला.

"कधी एखादं काम पडलं का हो तुमचं?"

"पडलं ना. मांगच्या साली सिंदेवाहीकडे पयल्याच दिवशी पडलं. लोकं मारायले धावले."

मी गार पडलो. उभ्या नोकरीत असं कबूल करणारा इंजिनिअर मी पाहिला नाही. आमच्यात काम पडलं की सगळा दोष पुराचा.

"मग काय केलं?"

"काई नाई. जरा इकडचं तिकडं केलं अन् दुसऱ्या गावात तेच उभं केलं."

हे जरा जड गेलं. पण तीसचा आकडा डोळ्यांसमोर होता, नाव लिहून घेतलं. मग एका बाईंचा फोन आला. त्यांनाही विचारलं, सध्या काय करता?

"मी तं आईचंच काम करून राह्यली, साहेब."

मला भरून आलं. आईचं सगळं करून ही बाई इंजिनिअरिंग सांभाळते! आठ दिवसांत बावन्न नावं झाली. अध्यक्षसाहेबांना मीच कळवलं, हॉल मोठा घेतलाय.

सभेच्या दुपारी हॉल खच्चून भरला. अध्यक्षसाहेब काळ्या मातीतल्या पुलांच्या पायाविषयी बोलायच्या तयारीनं आले होते. गर्दी पाहून त्यांनी माझी पाठ थोपटली आणि आधी सगळ्यांची ओळख करून घेऊ म्हणाले. पहिल्या रांगेतून खांद्यापर्यंत केस वाढवलेले एक गृहस्थ उठले.

"नमस्कार. मी मुरली. व्हिलन."

टाळ्या पडल्या. शेजारचा उठला. "मी कॉमेडी." मग त्या बाई उठल्या. "मी आई. कधी कधी सासू."

अध्यक्षसाहेब माझ्या कानाशी लागले. "ही कुठली ब्रँच? सिव्हिल की मेकॅनिकल?"

मी खिशातून चष्मा काढला, टेबलावरचं पत्रक उचललं. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'अभिनेता मंडळ, वडसा'. 'यं'च्या जागी 'ने'! हंगामात प्रभाकरभाऊंची बोटं दुसरं काय टाइप करणार? मी सोडून आमचे जुने आठ सभासद हॉलमध्ये कुठेच नव्हते. त्यांनी पत्रक चष्मा लावून वाचलं होतं आणि म्हातारा नाटकात शिरला असं समजून घरी बसले होते.

शाखा चंद्रपूरला जोडली गेली. अध्यक्षसाहेब चांगले माणूस, एका शब्दानं बोलले नाहीत. पण लेटरहेडचा गठ्ठा कपाटात ठेवताना मला फार वाईट वाटलं. आता मला इंजिनिअर कोण म्हणणार?

आठवड्यानं मुरलीभाऊ घरी आले.

"साहेब, मन छोटं नका करू. आमच्या नव्या नाटकात एक इंजिनिअर हाय. पूल पाहाले येते, चार वाक्यं बोलते अन् जाते. तुमीच करा. तुमाले तं शिकवाची बी गरज नाई."

मी हरखलो. माझं स्वतःचं हेल्मेट घातलं, माझीच टेप घेतली आणि कुरखेड्याच्या प्रयोगात पूल मोजला. दुसऱ्या दिवशी मुरलीभाऊ पुन्हा दारात. 

"साहेब, राग नका मानू. पब्लिक म्हणून राह्यली, हा माणूस इंजिनिअर वाटत नाई."

आता ते काम त्यांचा हार्मोनियमवाला करतो. परवा मी मुद्दाम जाऊन बघून आलो. काय सांगू तुम्हाला, अगदी खराखुरा इंजिनिअर वाटतो हो!